अनुत्तरित प्रार्थना आणि आमचें तारण

ज्युबिलीचा प्रसंग हा उपकारस्मरणाचा प्रसंग होय. अशा वेळीं धर्मग्रामाचीं जुनीं दप्तरें उघडलीं जातात. किती बालकांस स्नानसंस्कार मिळाला, किती जोडप्यांचे विवाह देवळांत लागले, या भूमींतून किती धर्मगुरू व किती धर्मभगिनी ख्रिस्तसभेस लाभल्या, याचा हिशेब काढिला जातो, आणि देवबापाचे आभार मानिले जातात. हें सर्व यथायोग्यच आहे. परंतु एक हिशेब असा आहे कीं, तो कोणत्याही दप्तरांत आढळत नाहीं. आमच्या देवळाच्या बांकांवर गुडघे टेकून, नोव्हेनामागून नोव्हेना करून, आजाऱ्याच्या उशाशीं जपमाळ हातीं धरून ज्या प्रार्थना केल्या गेल्या आणि ज्यांतील मागणें पुरविलें गेलें नाहीं, त्यांचा हिशेब कोण ठेवितो?

मुंबई व साष्टी या भागांत रस्त्यांच्या कडेला जे जुने क्रूस दिसतात, त्यांतील कित्येक १८९६ सालीं सुरू झालेल्या प्लेगच्या सांथीच्या काळचे आहेत. सांथ टळावी म्हणून, अथवा ती टळल्याबद्दल कृतज्ञतेनें, ते उभारिले गेले. वांचलेल्यांची कृतज्ञता त्या दगडांच्या रूपानें आजवर उभी आहे. परंतु त्याच क्रूसापुढें हात जोडून ज्यांनीं प्रार्थना केली व ज्यांच्या घरचें माणूस तरीही गेलें, त्यांच्या प्रार्थनेची खूण त्या दगडावर शोधूनही सांपडत नाहीं.

या दुसऱ्या लोकांविषयीं चार शब्द लिहावे असें आमच्या मनानें घेतलें आहे. त्याचें कारण असें. दुःखितांचें सांत्वन करावयास येणारीं कांहीं भाविक माणसें सहज बोलून जातात कीं, "तुमचा विश्वास कमी पडला, नाहींतर देवानें ऐकिलेंच असतें." हें बोलणें ज्या मातेच्या कानीं पडतें, तिच्या पदरीं दोन दुःखें येतात: एक लेंकरूं गेल्याचें, आणि दुसरें तें आपल्याच अविश्वासामुळें गेलें या समजुतीचें. पुढें एक शंकाही तिच्या मनांत शिरते: ज्या देवानें माझी एवढी प्रार्थना ऐकिली नाहीं, तो माझें तारण तरी करील काय? या शंकेस केवळ तर्कानें उत्तर न देतां इतिहासाच्या साक्षीनें द्यावें, या हेतूनें वाचकांस आम्ही दूर जपान देशांतील नागासाकी नगराकडे नेत आहों. वाट लांबची खरी. परंतु आमच्या वसईचा एक सुपुत्र त्या वाटेनें पूर्वींच चालून गेला आहे.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसईंत झाला. पिता पोर्तुगीज शिपाई, माता याच भूमीची. वसईच्या येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें, आणि ऐन पोरवयांत, सुमारें पंधराव्या वर्षीं, ते त्या संघाच्या धर्मगुरूंबरोबर जपानास गेले. तेथील भाषा त्यांनीं उत्तम आत्मसात् केली व धर्मशिक्षक म्हणून ते लोकांस उपदेश करूं लागले. अशीं सुमारें आठ वर्षें सेवेंत गेलीं. या सर्व काळांत त्यांच्या मनाची एकच ओढ होती: आपणांस येशूसंघांत घ्यावें. त्यांनीं विनंती केली, वाट पाहिली. परंतु ती विनंती मान्य झाली नाहीं. शेवटीं जड अंतःकरणानें त्यांनीं ती सेवा सोडिली व ते व्यापारांत पडले. व्यापार चांगला चालला. जगाच्या दृष्टीनें त्यांचें भलेंच झालें म्हणावयाचें. परंतु मनांतील ती ओढ कांहीं गेली नाहीं. पुढें फिलिपाईन्स बेटांतील मनिला येथें फ्रान्सिस्कन संघानें त्यांस साधे व्रतस्थ बंधू म्हणून आपल्यांत घेतलें. धर्मगुरूपद त्यांस कधींच मिळालें नाहीं. १५९३ सालीं पेद्रो बाप्तिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंबरोबर दुभाषी म्हणून ते पुनः जपानांत आले, आणि सत्ताधीश हिदेयोशी याच्यासमोर त्यांनींच त्या धर्मगुरूंचें म्हणणें मांडिलें. क्योतो नगरांत या संघानें कुष्ठरोग्यांची शुश्रूषा आरंभिली, तींत गोन्सालो यांचे हात होते.

याच वेळीं समुद्रावर दुसरी एक प्रार्थना निष्फळ होत होती. १५९६ च्या जुलै महिन्यांत "सान फेलिपे" नांवाचें स्पॅनिश जहाज मनिलाहून मेक्सिकोस जावयास निघालें. त्यावर फेलिपे दे जेसुस नांवाचा एक तरुण फ्रान्सिस्कन बंधू होता. मनिला येथें त्या समयीं बिशप नसल्यामुळें गुरुदीक्षा घेण्यास तो आपल्या मायभूमीस चालला होता. वाटेंत वादळांनीं जहाज खिळखिळें केलें, आणि ऑक्टोबर महिन्यांत तें जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्यास लागून फुटलें. त्या जहाजावर अनेक व्रतस्थ पुरुष होते. तेथें प्रार्थनेस काय तोटा असणार? तरीही जहाज मेक्सिकोस पोंचलें नाहीं, व त्या तरुणास गुरुदीक्षा मिळाली नाहीं. उलट, जहाजावरील मालाच्या जप्तीवरून जो कलह माजला, त्यांत हिदेयोशीचा ख्रिस्ती लोकांवरील क्रोध भडकला. डिसेंबर महिन्यांत गोन्सालो व फेलिपे हे दोघेही पकडले गेले.

चोवीस कैद्यांच्या डाव्या कानाच्या पाळ्या कापून, त्यांची धिंड काढून, ऐन हिवाळ्यांत सुमारें एक महिना त्यांस चालवीत नागासाकीकडे नेण्यांत आलें. वाटेंत त्यांची सेवा करणारे आणखी दोघे त्यांच्यांत सामील झाले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर त्या सव्वीस जणांस क्रूसांवर चढवून भाल्यांनीं भोंसकिलें. त्यांपैकीं वीस जपानी होते. सर्वांत लहान लुईस हा अवघा बारा वर्षांचा होता. ८ जून १८६२ रोजीं पोप पायस नववे यांनीं त्या सर्वांस संतपद दिलें, आणि अशा रीतीनें ज्यांस हव्या त्या संघांत जागा मिळाली नाहीं, ते गोन्सालो भारतभूमीवर जन्मलेले पहिले घोषित संत झाले.

परंतु येथेंच लेखणी खालीं ठेविली, तर आम्हीं वाचकांस अर्धेंच सत्य सांगितल्यासारखें होईल. देवानें लहान मागणें नाकारून मोठें दान दिलें, हें गोन्सालो यांच्या चरित्रांत सर्वांस दिसतें, कारण त्या चरित्राचा शेवट वेदीवर झाला आहे. ज्यांच्या प्रार्थनेचा शेवट या जगांत कोणासच दिसला नाहीं, त्यांचें काय? याचेंही उत्तर नागासाकीच्याच मातींत आहे.

१६१४ सालीं तोकुगावा राजवटीनें सर्व जपानभर ख्रिस्ती धर्मास बंदी केली. धर्मगुरूंस देशाबाहेर घालविलें. जे लपून राहिले, ते एकामागून एक पकडले जाऊन मारिले गेले. १६३७-३८ मधील शिमाबाराच्या बंडानंतर छळ अधिकच तीव्र झाला; १६३९ सालीं पोर्तुगीज जहाजांस जपानचीं बंदरें बंद झालीं; आणि १६४४ सालीं मांशियो कोनिशी या जपानी येशूसंघीय धर्मगुरूंच्या मृत्यूनंतर त्या देशांतील ख्रिस्ती जनतेस कोणीही धर्मगुरू उरला नाहीं. मिस्सा नाहीं, पापनिवेदन नाहीं, मरणाऱ्यास अंत्याभ्यंग नाहीं. नागासाकीच्या भागांत दरवर्षीं लोकांस रांगेनें उभें करून ख्रिस्ताची अथवा पवित्र मरियेची प्रतिमा पायाखालीं तुडवावयास लावीत. जो कचरला, तो पकडला गेला.

अशा स्थितींत उराकामी, सोतोमे, गोतो बेटें येथील शेतकऱ्यांनीं व कोळ्यांनीं कामें आपापसांत वांटून घेतलीं. एकजण दिनदर्शिका सांभाळी व सणवार आणि उपासाचे दिवस ठरवी. दुसरा बालकांस स्नानसंस्कार देई. तिसरा घरोघर निरोप पोंचवी. लॅटिन व पोर्तुगीज शब्दांनीं मिश्रित अशा प्रार्थना बापानें मुलास व मुलानें नातवास तोंडपाठ शिकविल्या. त्यांच्यांत अशी परंपरा चालत आली होती कीं, बास्तियन नांवाच्या एका धर्मशिक्षकानें सांगून ठेविलें आहे: सात पिढ्यांनंतर पापनिवेदन ऐकणारे धर्मगुरू मोठ्या जहाजांतून येतील. सात पिढ्या! म्हणजे ज्यांनीं हें प्रथम ऐकिलें त्यांस, त्यांच्या मुलांस, नातवांस व पणतवांसही धर्मगुरूचें दर्शन घडणार नव्हतें. तरी धर्मगुरूसाठीं प्रार्थना करावयाची त्यांनीं सोडिली नाहीं.

यांतील बहुतेक लोक निशिझाकाच्या वीरांसारखे नव्हते, हेंही येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. लेंकरांबाळांच्या भयानें त्यांनीं त्या प्रतिमेवर पाय ठेविला. मग घरीं येऊन, दारें लावून, ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. त्या प्रार्थनेच्या मागें एक लहानसें पुस्तक होतें. १६०३ सालीं, बंदी येण्यापूर्वीं, जपानचे बिशप लुईस सेर्केइरा यांच्या काळांत परिपूर्ण पश्चात्तापाविषयीं जपानी भाषेंत तें रचिलें गेलें होतें. ज्यास धर्मगुरू मिळणें शक्य नाहीं, त्यानें केवळ शिक्षेच्या भयानें नव्हे तर देवावरील प्रीतीनें आपल्या पापाबद्दल दुःख करावें, व पुढें संधि मिळतांच पापनिवेदन करण्याचा निश्चय करावा, असा त्याचा उपदेश होता. हें पुस्तक हातानें उतरून घेत घेत त्या लोकांनीं दोन शतकें जपून ठेविलें.

ही शिकवण कोणीं अडचणीच्या वेळीं काढिलेली पळवाट नव्हती. १५५१ सालीं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें हेंच सांगितलें होतें. देवावरील प्रीतीनें परिपूर्ण झालेला पश्चात्ताप माणसाचा देवाशीं समेट घडवून आणितो, आणि तो प्रत्यक्ष संस्कार मिळण्यापूर्वींही. परंतु त्या पश्चात्तापांत संस्काराची इच्छा अंतर्भूत असलीच पाहिजे. वाचकांनीं या शेवटच्या शब्दांकडे विशेष लक्ष द्यावें, कारण आमच्या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. उराकामीची एखादी म्हातारी मरणशय्येवर पडून प्रार्थना करीत आहे कीं, "देवा, मला एकदां तरी धर्मगुरू भेटूं दे." धर्मगुरू येत नाहीं. ती मरून जाते. मागणें पुरविलें गेलें नाहीं, हें खरें. परंतु धर्मगुरूची ती तळमळ, पापनिवेदनाची ती इच्छा, हीच ख्रिस्तसभेच्या शिकवणीप्रमाणें तिच्या पश्चात्तापास पूर्णता देणारी गोष्ट होती. ज्या प्रार्थनेस उत्तर मिळालें नाहीं असें आपण म्हणतों, त्याच प्रार्थनेच्या वाटेनें ती तारणास पोंचली, अशी आमची आशा आहे. तिनें मागितलेली वस्तु तिला मिळाली नाहीं. ती वस्तु जिच्यासाठीं हवी होती, ती देवाची क्षमा मात्र त्या मागण्यांतच तिच्यापर्यंत आली.

पुढें काय झालें तें बहुतेकांस ठाऊक असेल. परदेशीयांसाठीं नागासाकीचें बंदर पुनः खुलें झाल्यावर पॅरिसच्या परदेशीय मिशन संस्थेच्या धर्मगुरूंनीं ओउरा येथें एक देऊळ बांधिलें व तें त्या सव्वीस रक्तसाक्षींस अर्पण केलें. १७ मार्च १८६५ रोजीं दुपारच्या सुमारास उराकामी गांवचे सुमारें पंधरा स्त्री-पुरुष व मुलें त्या देवळाच्या दारांशीं येऊन उभीं राहिलीं. फादर बर्नार पतिज्याँ यांनीं त्यांस आंत नेलें. वेदीपुढें गुडघे टेकून ते प्रार्थना करीत असतां एक स्त्री त्यांच्या जवळ सरकली, आमचें व आपलें अंतःकरण एकच आहे असें हळूच बोलली, आणि पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे असें तिनें विचारिलें. पुढें त्या मंडळीनें सांगितलें कीं, हा आमच्या दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस आहे. त्या वर्षीं राखेचा बुधवार १ मार्च रोजीं होता. म्हणजे दोनशें एकवीस वर्षें धर्मगुरू नसतांना त्यांच्या उपवासकाळाच्या गणनेंत एका दिवसाचीही चूक नव्हती. त्यानंतर डोंगरांतून व बेटांतून असे हजारों लोक पुढें आले.

या वृत्तांतानें कोणाचेंही मन भरून येईल. परंतु १८६५ सालीं देवळांत आलेल्या पंधरा जणांपेक्षां, तत्पूर्वीं मातींत गेलेल्या हजारोंचा विचार आमच्या मनांत अधिक येतो. त्यांनींही तीच प्रार्थना केली होती. पंधरा जणांचा विश्वास अधिक व त्या हजारोंचा कमी, असें कोण म्हणूं शकेल? पूर्वजांनीं प्रार्थना चालू ठेविली नसती, तर त्या दिवशीं गुडघे कसे टेकावे हेंही त्या पंधरा जणांस ठाऊक नसतें.

आतां शास्त्राकडे वळूं. विश्वास पुरेसा असला तर मागितलेलें मिळतेंच, असें म्हणणाऱ्यांनीं प्रथम गेथसेमनीच्या बागेंत जावें. आमच्या प्रभूनें तेथें दुःखाचा प्याला दूर व्हावा म्हणून तीनदां प्रार्थना केली. तो प्याला दूर झाला नाहीं. संत पौलानें देहांतील कांटा निघावा म्हणून तीनदां विनवणी केली. कांटा राहिला, आणि तो सोसण्यास कृपा पुरेशी आहे असें त्यास कळविण्यांत आलें. देवपुत्राचा विश्वास कमी पडला, अथवा प्रेषिताचा विश्वास कमी पडला, असें म्हणण्याचें धैर्य कोणास होईल? मग तेंच वाक्य एखाद्या शोकाकुल विधवेस आपण कोणत्या अधिकारानें ऐकवितों?

तरी प्रश्न उरतोच. मागा म्हणजे मिळेल, असें त्याच प्रभूचें वचन आहे. त्याचा अर्थ काय? संत अगुस्तीन यांनीं सुमारें ४१२ सालीं प्रोबा नांवाच्या एका रोमन विधवेस पत्र लिहून याच विषयाचें विवेचन केलें आहे. ४१० सालीं रोम नगर लुटलें गेल्यावर ही बाई आफ्रिकेंत आश्रयास आली होती. सर्व वैभव पाहून व गमावून तिनें विचारिलें होतें कीं, आतां मीं कशी प्रार्थना करावी? अगुस्तीन यांच्या उत्तराचा आशय असा कीं, देवाजवळील सुखी जीवन हेंच सर्व मागण्यांचें मूळ मागणें होय. बाकीचीं मागणीं त्याच्या अनुरोधानें करावीं. दुःख टळावें अशी इच्छा धरण्यांत पाप नाहीं. परंतु तें टळणें आपल्या हिताचें कीं न टळणें, हें आपणांस ठाऊक नसतें.

अगुस्तीन यांस हें आपल्या मातेच्या उदाहरणावरून ठाऊक होतें. ३८३ सालीं ते रोमास जावयास निघाले, तेव्हां संत मोनिका यांनीं पुत्र जाऊं नये म्हणून कार्थेजच्या किनाऱ्यावरील संत सिप्रियन यांच्या स्मारकमंदिरांत रात्रभर अश्रु ढाळीत प्रार्थना केली. पुत्र त्याच रात्रीं त्यांस न कळवितां जहाजांतून निघून गेला. मातेची त्या रात्रीची प्रार्थना व्यर्थ गेली. परंतु त्याच प्रवासानें तो मिलान नगरास, संत अंब्रोज यांच्याजवळ पोंचला, आणि ३८७ च्या ईस्टरला त्यानें स्नानसंस्कार घेतला. मातेचें रात्रीचें मागणें एक होतें व जन्माचें मागणें दुसरें. देवानें जन्माचें मागणें पुरविलें.

तेराव्या शतकांत संत थॉमस अक्विनास यांनीं हाच विचार आंखून-रेखून मांडिला. जी प्रार्थना निश्चितपणें फलद्रूप होते, तिच्या चार अटी त्यांनीं सांगितल्या आहेत: ती माणसानें स्वतःसाठीं केलेली असावी, तारणास आवश्यक अशा गोष्टीसाठीं असावी, भक्तिपूर्वक असावी, आणि चिकाटीनें केलेली असावी. दुसऱ्यांसाठीं केलेली प्रार्थना देवास प्रिय असते. परंतु तिच्या फळास दुसऱ्याच्या बाजूनें अडथळा येऊं शकतो. शेत, घर, आरोग्य, मुलाची नोकरी या गोष्टीही मागाव्या. प्रभूनें रोजची भाकर मागावयास शिकविलेंच आहे. मात्र त्या मिळतीलच असें वचन नाहीं. क्षमा आणि शेवटपर्यंत टिकून राहण्याची कृपा हीं मागणीं मनःपूर्वक व सतत करणाऱ्यास कधींही रिकाम्या हातानें परत पाठविलें जात नाहीं. आणि मागण्याची इच्छाही आपली कमाई नसते. ५२९ सालच्या ऑरेंजच्या धर्मसभेनें शिकविल्याप्रमाणें, प्रार्थना करावयास लावणारी कृपा ही प्रार्थनेच्या आधींच देवाकडून आलेली असते. म्हणून जो प्रार्थना करीत आहे, त्यास देवानें टाकिलें आहे असें म्हणतां येत नाहीं. तो देवाच्याच आधारानें मागत असतो.

एवढें सांगून झाल्यावर सर्व उलगडा झाला असें कोणीं समजूं नये. नागासाकीचा इतिहास तसें समजूं देत नाहीं. १८६५ नंतर दोनच वर्षांनीं उराकामीच्या ख्रिस्ती लोकांची पुनः धरपकड सुरू झाली. सुमारें ३,४०० लोकांस घरदार सोडून दूरदूरच्या प्रांतांत हद्दपार करण्यांत आलें, आणि त्यांतील सहाशेंहून अधिक तेथेंच मेले. १८७३ सालीं बंदीचे फलक उतरविले गेले, तेव्हां उरलेले परत आले. ज्या जागेवर त्यांच्या पूर्वजांकडून पवित्र प्रतिमा तुडविली जात असे, तीच गांवच्या मुख्याची जागा त्यांनीं विकत घेतली, १८९५ सालीं तेथें देऊळ बांधावयास आरंभ केला व १९१४ सालीं तें पूर्ण केलें. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं, सकाळीं अकरा वाजून दोन मिनिटांनीं, त्या देवळापासून थोड्याच अंतरावर अणुबाँबचा स्फोट झाला. उराकामीच्या सुमारें १२,००० कॅथलिकांपैकीं सुमारें ८,५०० मृत्यु पावले. स्वर्गोन्नयनाच्या सणाची तयारी म्हणून त्या वेळीं देवळांत पापनिवेदन चाललें होतें. निवेदन ऐकणारे धर्मगुरू व तेथें जमलेले भाविक सर्वच गेले. ज्या संस्काराची त्यांच्या पूर्वजांनीं सात पिढ्या वाट पाहिली, त्याच संस्काराजवळ त्यांस मरण आलें.

हें कां झालें? डॉक्टर ताकाशी नागाई यांनीं त्या स्फोटांत आपली पत्नी गमाविली. २३ नोव्हेंबर १९४५ रोजीं देवळाच्या भग्नावशेषांजवळ झालेल्या मिस्सेच्या वेळीं ते बोलले, आणि मेलेल्यांस त्यांनीं शांततेसाठीं अर्पिलेल्या निष्कलंक कोंकराची उपमा दिली. त्यांचें हें म्हणणें सर्वांस पटलें नाहीं, व आजही पटत नाहीं. आम्ही एवढेंच म्हणूं कीं, ज्यानें स्वतःच्या हातांनीं पत्नीच्या अस्थि वेंचिल्या, त्यास तसें बोलण्याचा अधिकार होता. बाहेरून येऊन तेंच त्यास सांगण्याचा अधिकार दुसऱ्या कोणास नव्हता. पोप जॉन पॉल दुसरे यांनीं १९८१ सालीं हिरोशिमा येथें युद्ध हें माणसाचें कृत्य होय असें स्पष्ट सांगितलें. माणसाच्या पापाचें कारण देवाच्या इच्छेंत शोधीत बसूं नये, आणि मेलेल्यांच्या विश्वासांत तर मुळींच शोधूं नये. उराकामीच्या लोकांनीं १९५९ सालीं देऊळ पुनः उभें केलें. उत्तर मिळाल्यावर त्यांनीं तें बांधिलें असें नाहीं. पूर्वजांप्रमाणेंच, उत्तर न मिळतांही, ते गुडघे टेकूं इच्छीत होते.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या ज्युबिलीच्या वर्षीं या इतिहासापासून तीन गोष्टी घ्याव्या अशी आमची विनंती आहे. पहिली ही कीं, नवसाचा सौदा करूं नये. मेणबत्त्या लावाव्या, नोव्हेना कराव्या, संतांच्या मध्यस्थीची याचना करावी. परंतु मी इतकें दिलें म्हणून देवानें तितकें द्यावें, हा बाजाराचा व्यवहार आहे. लेंकरूं बापाजवळ असा हिशेब करीत नाहीं. दुसरी ही कीं, ज्यांच्या घरीं प्रार्थनेनंतरही दुःख आलें, त्यांच्या विश्वासाचें मोजमाप आपण करूं नये. त्यांच्या ओटीवर जाऊन बसावें, त्यांच्याबरोबर जपमाळ म्हणावी, चूल पेटली नसेल तर भात शिजवून न्यावा. बोलण्यासारखें कांहीं सुचत नसेल, तर मौनही चालेल. तिसरी ही कीं, मागणें सोडूं नये. ज्यास आपल्या आजाऱ्यासाठीं आरोग्य मागावयाचें असेल, त्यानें तें मोकळ्या मनानें, हट्टानेंही मागावें; आणि त्या मागण्याच्या शेवटीं, प्रभूनें शिकविल्याप्रमाणें, देवाची इच्छा पूर्ण होवो असें म्हणावें. हे शब्द जड जातात हें आम्ही जाणतों. प्रभूसही ते रक्ताच्या घामाच्या रात्रींच उच्चारावे लागले.

आमच्या देवळाच्या दप्तरांत ज्यांचीं नांवें आहेत, त्यांतील कित्येकांचीं मोठीं मागणीं अपुरींच राहिलीं असतील. वेदीवर प्रत्येक मिस्सेंत मृतांचें स्मरण होतें, त्यांत तेही असतात. ज्युबिलीच्या मिस्सेंत आपण लाभलेल्या कृपादानांसाठीं आभार मानूं, तेव्हां त्यांच्या त्या प्रार्थनाही देवबापाच्या हातीं ठेवूं. उराकामीच्या सात पिढ्यांची प्रार्थना ज्यानें विसरली नाहीं, तो त्यांचीही विसरलेला नाहीं. संत गोन्सालो आम्हां सर्वांसाठीं विनंती करोत.